मेथीची दुसरी जुडी

आमच्या सोसायटीच्या गेल्या बैठकीत पार्किंगचा विषय पहिल्यांदाच मागे पडला. त्याच दिवशी सकाळी घंटागाडीवरच्या माणसाने आमच्या बिल्डिंगची ओल्या कचऱ्याची एक पिशवी उघडून गेटापाशी ठेवून दिली होती. आत आठ-दहा पोळ्या, एकावर एक, घडी न मोडलेल्या. ब्रेडचं न फोडलेलं पाकीट. आणि कोथिंबिरीची अख्खी जुडी, दोऱ्यासकट, काळी पडलेली. पिशवी कुणाची ते कुणी कबूल केलं नाही, त्यामुळे बोलायला सगळेच मोकळे झाले. सेक्रेटरी काकांनी अन्न हे पूर्णब्रह्म इथून सुरुवात करून त्यांच्या आईने आयुष्यात एक शीत सांडू दिलं नाही इथपर्यंत मजल मारली. संस्कार उरले नाहीत, हा निष्कर्ष. मग तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण उठला. पिंपळगावच्या रस्त्यावर शेतकरी टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट ओततो, गंगापूर रोडच्या लॉन्सवर एका लग्नात गावजेवणाइतकं अन्न फेकलं जातं, आणि आपण दोन पोळ्यांवर प्रवचन ऐकतोय, असं तो म्हणाला. दोघांनाही टाळ्या पडल्या, बहुतेक त्याच हातांच्या.

मला दोघांचंही पटलं नाही. घरात वाया जाणारं अन्न हा आधी खरेदीचा आणि घरकामाच्या वाटणीचा प्रश्न आहे. संस्कारांचा असलाच तर त्यानंतर. पैसा ताटात कमी वाया जातो, बाजाराच्या पिशवीत जास्त. आणि ‘टाकू नका, संपवा’ या उपदेशाने एक रुपयाही वाचत नाही, कारण तो रुपया दुकानात आधीच देऊन झालेला असतो. उपदेशाने फक्त उरलेलं अन्न डब्याऐवजी कुणाच्या तरी पोटात जातं, आणि ते पोट बहुतेक घरांत ठरलेलं असतं.

काकांच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. जुन्या स्वयंपाकघरांत उरलेल्याचं सोनं करायची विलक्षण हातोटी होती. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, भाताला फोडणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, उरल्यासुरल्या पिठांचं थालीपीठ, नागलीच्या शिळ्या भाकरीचा ताकातला काला. फोडणीच्या पोळीसाठी ताज्या पोळ्या मुद्दाम जास्त करणारी घरं मला ठाऊक आहेत, आणि ही कोणत्याही पाककलेला मोठीच पावती म्हटली पाहिजे. हे ज्ञान हरवत चाललंय ही काकांची हळहळ खरी आहे.

पण त्या पिढीने अन्न टाकलं नाही ते संस्कारांमुळे की टाकण्याइतकं नव्हतंच म्हणून? काकांच्या आईचा काळ आठवून बघा. १९६५ साली देशाच्या पंतप्रधानांना, लालबहादूर शास्त्रींना, लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडा असं सांगावं लागलं. गहू अमेरिकेहून बोटीने येत होता. मग १९७२चा दुष्काळ. मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी यांची चव अजून सांगणारे लोक आपल्या आसपास आहेत. त्या परिस्थितीत शीत न सांडणं याला सद्गुण म्हणायचं की नाइलाज? शिवाय तेव्हा घरामागे गोठा होता, निदान गल्लीत कुणाची तरी गाय होती. सालं, देठं, पेज, कोंडा यांतलं काहीच ‘कचरा’ नव्हतं. आज चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये तोच सद्गुण मागायचा, तर गाय कुठे बांधायची तेही सांगावं लागेल. (आमच्या सोसायटीत कुत्रं पाळण्यावर तीन बैठका झाल्या आहेत.)

आणि नुसत्या धाकानेही हे साधत नाही. ब्रिटनने १९४० साली, ऐन युद्धात, अन्न वाया घालवणं हा दंडनीय गुन्हाच ठरवला होता. युद्ध संपलं, पुढे काही वर्षांनी रेशनिंगही उठलं, आणि त्याच ब्रिटनमध्ये २००७ साली घरोघरी फेकल्या जाणाऱ्या अन्नाविरुद्ध नव्याने मोहीम काढायची वेळ आली. म्हणजे रेशनच्या रांगेत वाढलेल्या पिढीच्या नातवंडांचा फ्रीज भरला, तेव्हा तो संस्कार फ्रीजमागे पडला. माणसं तीच, भाव बदलले.

आता माझ्या घरची गोष्ट, कारण दुसऱ्याच्या डब्यात डोकावणं सोपं असतं. बैठकीनंतर मी फ्रीजच्या दाराला एक वही टांगली. चार आठवडे जे टाकलं ते लिहायचं, अंदाजे किमतीसकट. घरात आम्ही चौघं. पहिल्या आठवड्याची नोंद अशी: अर्धी जुडी कोथिंबीर, मेथीची एक जुडी, मऊ पडलेल्या दोन काकड्या, दह्याचा आंबट तळ, वाटीभर वरण, ब्रेडच्या चार चकत्या, पाव किलो द्राक्षांतली निम्मी. महिनाअखेर बेरीज नऊशे चाळीस रुपये. धक्का बेरजेचा नव्हता. शिजवलेल्या अन्नाचे त्यात दोनशेसुद्धा नव्हते. बाकी सगळं न शिजवताच गेलं होतं. भाजी निवडायला न झाल्याने सडलेली, फळं पाहुण्यांसाठी आणलेली आणि पाहुणे न आलेले, पनीर ‘करू या कधीतरी’ म्हणून घेतलेलं. दुसऱ्या आठवड्यात बायकोने वहीत स्वतःहून एक रकाना वाढवला, ‘कोणी आणलं?’ त्या रकान्यात माझंच नाव इतक्यांदा आलं की चौथ्या आठवड्यात तिने नुसत्या खुणा करायला सुरुवात केली.

मी बुधवारच्या बाजाराचा माणूस आहे. संध्याकाळी गोदाकाठी विक्रेते पाट्या रिकाम्या करायच्या घाईत असतात तेव्हा जायचं, हे माझं अनेक वर्षांचं शहाणपण. मेथीची जुडी पंधराला. “दादा, दोन घ्या की, पंचवीसला देते.” मी दोन घेतो. घरी येऊन सांगतो, पाच रुपये वाचवले. एक जुडी गुरुवारी निवडली जाते, त्यात कुणाची तरी पाऊण तासाची कंबर जाते. दुसरी शनिवारपर्यंत पिवळी आणि सोमवारी घंटागाडीत. हिशोब मांडा. जी मेथी आम्ही खाल्ली ती पंधराची नव्हती, पंचवीसची होती. भाव पंधराचा, किंमत पंचवीस. घासाघीस करून मी दहा रुपये जास्त देऊन आलो आणि वर फुशारकी मारली. मॉलमधल्या ‘एकावर एक मोफत’चं गणितही हेच, फक्त तिथे घासाघीस केल्याचा आनंदही मिळत नाही.

नाशिकमध्ये राहून हे करणं तर जास्तच हास्यास्पद. मुंबईच्या माणसाने आठवडाभराची भाजी भरली तर समजू शकतो, त्याला लोकलमधून उतरून मंडई गाठायची असते. आपल्याकडे दिंडोरी, निफाड, सिन्नरचा माल रोज पंचवटीच्या मार्केट यार्डात येतो, इथूनच मुंबईला जातो. कोपऱ्याकोपऱ्यावर हातगाडी आहे. जिथे ताजं रोज दारात मिळतं तिथे शिळं करून खायला साठा का करायचा? याचं उत्तर मला एकच सुचतं, स्वस्ताई. ज्या गावात भाजी पिकते तिथे ती स्वस्त म्हणून जास्त घेतली जाते. स्वस्त असल्यानेच ती टाकताना हात थरथरत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा मुद्दा मात्र एवढ्याने निकालात निघत नाही. तो म्हणतो ती नासाडी खरी आहे आणि मोठी आहे. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेच्या २०१५च्या अहवालात काढणीपासून विक्रीपर्यंतचं देशातलं वार्षिक नुकसान ९२,६५१ कोटी रुपये धरलं होतं. फळं आणि भाज्यांत पिकानुसार साडेचार ते जवळपास सोळा टक्के माल वाया जातो, असं तोच अहवाल सांगतो. आणि २०२३ सालचा टोमॅटो कोण विसरेल? जुलैमध्ये शंभरीच्या वर, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत आपल्याच जिल्ह्यात तोडणीची मजुरी सुटेना इतका खाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं आणि लासलगावचे लिलाव बंद पडले. हा सगळा प्रश्न साठवणुकीचा, शीतगृहांचा, प्रक्रियेचा आणि धोरणातल्या धरसोडीचा आहे. माझ्या फ्रीजवरच्या वहीने तो सुटणार नाही, आणि सुटेल असं सांगणाऱ्याला बैठकीतून बाहेर काढावं.

पण म्हणून वही बंद करायची? रस्त्यावरचे टोमॅटो शेतकऱ्याच्या खिशातून जातात, माझ्या फ्रीजमधले माझ्या. एका नुकसानाकडे बोट दाखवून दुसरं भरून निघत नाही. सरकारने गोदामं बांधली नाहीत म्हणून मी दुसरी जुडी सडवतो, या वाक्यात कार्यकारणभाव कुठे आहे?

याच मुलाने बैठकीनंतर जिन्यात गाठून एक हुशार प्रश्न विचारला. आपण सगळ्यांनीच कमी घेतलं तर शेतकऱ्याचा माल कोण घेणार? आपली उधळपट्टी ही त्याची मिळकतच नाही का? प्रश्न मला आवडला, पण तो फुटलेल्या खिडकीच्या जुन्या गोष्टीसारखा आहे. काच फुटली की काचवाल्याला काम मिळतं हे दिसतं, त्या पैशात जो बूट घेता आला असता तो दिसत नाही. शिवाय ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा किती? रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासात २०२४ साली तो टोमॅटोत सुमारे ३३ टक्के, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ टक्के निघाला. म्हणजे मी सडवलेल्या शंभर रुपयांच्या टोमॅटोतून शेतकऱ्याला तेहतीस मिळाले, सदुसष्ट मधल्या मधे गेले, आणि टोमॅटो पाथर्डीच्या खत प्रकल्पावर. शेतकऱ्याचं भलं करायचा याहून महागडा मार्ग शोधून काढणं कठीण आहे. तेच पैसे एखाद्या शेतकरी गटाकडून थेट द्राक्षं किंवा कांदे घ्यायला वापरले, तर त्याच्या हातात जास्त पडतील.

आकड्यांचं निघालंच आहे तर संस्कारवाल्यांच्या एका लाडक्या आकड्याबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार भारतीय घरांत दर माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. चौघांच्या घरात दिवसाला साधारण सहाशे ग्रॅम. हा आकडा भाषणात सांगितला की लोक हळहळतात, कारण सहाशे ग्रॅम भात-भाजी डोळ्यांसमोर येते. पण या मोजणीत न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. केळ्याची साल, आंब्याची कोय, वाटाण्याची टरफलं, कलिंगडाची पाठ. एक कलिंगड आणलं की त्या दिवशी आम्ही सराईत गुन्हेगार. साल आणि पोळी एकाच पारड्यात टाकून जनतेला ओशाळं करण्यात काय हशील? माणूस ओशाळा झाला की डबा झाकून ठेवतो, मोजत बसत नाही.

पैशाचा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो. २०२३-२४च्या सरकारी कुटुंब खर्च पाहणीत शहरी भारतात दर माणशी महिन्याचा खर्च ६,९९६ रुपये निघाला, त्यातला जवळपास चाळीस टक्के खाण्यापिण्यावर. चौघांच्या घराचे अन्नावर महिन्याला अकरा हजार धरा. यातला दहावा भाग न खाता गेला तर अकराशे, वर्षाला तेरा हजारांच्या वर. माझी नऊशे चाळीसची बेरीज याच पंगतीत बसते. दुधाचा भाव लिटरमागे दोन रुपयांनी वाढला की आपण आठवडाभर बोलतो. रोज दोन लिटर दूध घेणाऱ्याला ती वाढ महिन्याला एकशेवीस रुपयांना पडते. नऊशेबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण ते एकदम जात नाहीत, देठादेठाने जातात.

आता त्या ठरलेल्या पोटाकडे येतो. बहुतेक घरांत ताजी पोळी कुणाच्या पानात पडते आणि शिळी कोण ‘मला आवडते’ म्हणून घेतं? वाटीभर उरलेली आमटी दुपारी एकटीने बसून कोण संपवतं? ‘टाकवत नाही’ हे क्रियापद आपल्या घरांत स्त्रीलिंगीच चालत आलंय. संस्कारांच्या या अर्थव्यवस्थेत नासाडी शून्य दिसते, कारण तिची नोंद डब्यात न होता एका बाईच्या शरीरात होते. खरेदी चुकली माझी, ताटात वाढून घेतलं मुलांनी, प्रायश्चित्त तिचं. याला काटकसर म्हणायचं?

त्यात आरोग्याचा भाग आहेच. शिजवलेला भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणजे ‘चांगला वाफ येईस्तोवर गरम केला की झालं’ हा घरगुती नियम भाताला लागू नाही. भात उरलाच तर तास-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, मग सकाळची फोडणी निर्धास्त. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तर याला पर्यायच नाही. ओट्यावर रात्र काढलेला भात टाकला म्हणून कुणाला बोल लावू नये. तो जास्त का शिजवला, एवढंच विचारावं.

यावर घरातल्या मोठ्यांचं उत्तर तयार असतं. चार पोळ्या जास्तीच्या हव्यात, अवचित कुणी आलं तर? या सवयीबद्दल मला ममत्व आहे. आपल्याकडे घरातली वस्तू ‘संपली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. ज्या भाषेत संपलं म्हणायची चोरी, तिथे साठ्याचा हिशोब कोण ठेवणार? पण अवचित येणारा पाहुणा आता जवळपास नामशेष झालाय. जो येतो तो आधी फोन करतो, निघाल्यावर एकदा आणि वळणावर चुकल्यावर एकदा. तेवढ्यात फ्रीजमधल्या भिजवलेल्या कणकेच्या चार पोळ्या होतात. लाटून ठेवलेल्या चार पोळ्यांनी पाहुण्याची वाट बघण्यापेक्षा कणकेच्या गोळ्याने बघितलेली बरी.

सगळ्यात जड आक्षेप वेळेचा आहे, आणि तो नोकरी करणाऱ्या बायका घेतात म्हणून तो ऐकलाच पाहिजे. महिन्याच्या हजार रुपयांसाठी आठवड्याचा मेनू आखायचा, याद्या करायच्या, कोथिंबीर निवडून कागदात गुंडाळायची, कांदे-बटाटे वेगळे ठेवायचे, पिकली केळी बाकीच्या फळांपासून लांब ठेवायची, फ्रीजमधलं मागचं पुढे आणायचं. हे काम कोण करणार? बरोबर आहे. काटकसरीचे बहुतेक सल्ले बाईच्या वेळेला शून्य भाव लावूनच स्वस्त ठरतात. म्हणूनच मी वाचवायच्या युक्त्यांच्या आधी कमी आणण्यावर अडून बसलोय. न आणलेली मेथी निवडावी लागत नाही, धुवावी लागत नाही, आठवावी लागत नाही. दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ॲपमुळे लागेल तेवढंच घेणं शक्य झालंय असं म्हणतात. अमुक रकमेच्या वर डिलिव्हरी फुकट, ही अट वाचेपर्यंत ते खरंही असतं. मग डिलिव्हरीचे पंचवीस वाचवायला आपण साठ रुपयांचं दही घालतो.

मग करायचं काय? कोरियाकडे पाहा. तिथे २००५ साली ओला कचरा थेट जमिनीत गाडायला बंदी आली आणि २०१३पासून अन्नाच्या कचऱ्याला वजनावर पैसे घ्यायला लागले. अनेक इमारतींत कार्ड लावलं की डब्याचं झाकण उघडतं, वजन होतं, रक्कम त्या घराच्या नावावर चढते. संस्कारांवर तिथेही भाषणं होत असतील, पण हिशोब काटा ठेवतो. ब्रिटनच्या त्या मोहिमेनंतरच्या पाच वर्षांत टाळता येण्याजोगी घरगुती नासाडी साधारण पाचव्या हिश्शाने घटली, आणि याच काळात तिथे अन्नधान्याचे भाव चढले होते हा योगायोग नसावा. आपल्याकडे सरसकट असा आकार लावा असं मी म्हणणार नाही. झोपडपट्टीतल्या घराला आणि बंगल्याला एकच काटा लावला तर पहिल्याच आठवड्यात रात्री गोदावरीत पिशव्या पडतील. पण इमारतीपुरतं, दंडाशिवाय, नुसतं मोजायला काय हरकत आहे?

या महिन्याच्या बैठकीत मी तेच मांडलं. एक साधा वजनकाटा आणायचा, रोज सकाळी ओल्या कचऱ्याची बादली घंटागाडीत जायच्या आधी त्यावर ठेवायची, सालं वेगळी आणि अन्न वेगळं, आकडा फळ्यावर लिहायचा. कोणाच्या घरचं ते विचारायचं नाही. काकांना ते संस्काराचं वाटलं, मुलाला डेटाचं, आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. काटा नऊशे रुपयांपर्यंत मिळतो, तोही सोसायटीच्या खर्चातून मान्य झाला. मग प्रश्न निघाला की सकाळी सातला बादलीपाशी उभं कोण राहणार. क्षणभर कुणी बोललं नाही. काकांनी घसा खाकरला, आणि हॉलमधल्या सगळ्या पुरुषांनी, मी धरून, महिला मंडळ बसलं होतं तिकडे पाहिलं.